स्टोअररूममधला संसार

माझ्या थोरल्या भावाला आम्ही घरात मूळपुरुष म्हणतो. का म्हणतो ते त्याच्यासमोर कोणी विचारत नाही, कारण तो रंगात येऊन सांगायला लागला की जेवणं गार होतात. पण मला ते सांगावंच लागेल, त्याशिवाय माझा संताप कोणाला कळायचा नाही.

दादा लहान यंत्रांच्या पोटातली व्यवस्था लावतो. तळहाताएवढा बोर्ड असतो. वीज मिळाली की तो जागा होतो आणि आधी आपलं घर शोधतो: आज्ञा कुठे ठेवल्यात, तयार कोडच्या लायब्रऱ्या कुठे, सेटिंग कुठे. या घराला रूट फाइलसिस्टम म्हणतात, आणि त्या 'रूट'वरूनच मूळपुरुष. बिचाऱ्या बोर्डात स्वतःचं घर बांधण्याची ताकद नसते, म्हणून दादा ते आपल्या मोठ्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये बांधतो. "नव्या जोडप्याला संसार थाटून देतो गं मी," तो म्हणतो. "जास्तीचं भांडं एक नको, आणि गाळणी विसरून चालत नाही." नवीन नोकरीत एकदा फोल्डरचं नाव लिहायचं राहिलं आणि बोर्डासाठी काढलेल्या फायली त्याने स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या फायलींवर ओतल्या. कॉम्प्युटर जागीच आडवा. तेव्हापासून एंटर दाबायच्या आधी तो ओळीवर बोट ठेवून वाचतो. चपलासुद्धा डावी-उजवी बघून घालतो.

काम चालू असेपर्यंत या लोकांची एक सोय असते. घर राहतं कॉम्प्युटरवरच, आणि बोर्ड केबलमधून ते वापरतो. इकडे काही बदललं की तिकडे लगेच दिसतं. सगळं मनासारखं झालं की मग ते घर आटोपशीर करून बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत हलवायचं. तोवर बोर्ड म्हणजे घरजावई. सासऱ्याने दार लावलं की उपाशी.

मी नर्स आहे. आमच्या वॉर्डात खाटेखाटेला घंटा बसवायचं काम दादाच्या कंपनीला मिळालं. पेशंटने बटण दाबलं की आमच्या टेबलापाशी आवाज आणि खाटेचा नंबर. तो आवाजसुद्धा त्या फोल्डरमधल्या फाइलीतून येणार. दादाने कंपनीच्या साहेबांकडे घर बोर्डांत हलवायला काही आठवडे मागितले. साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" आणि दादाचा कॉम्प्युटर उचलून आमच्या स्टोअररूममध्ये, सलाइनच्या खोक्यांमागे ठेवला. अख्ख्या वॉर्डाच्या घंटा त्या एका पेटीच्या जिवावर. आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला, सख्ख्या बहिणीला, नाही सांगितलं!

वॉर्ड पुसणाऱ्या मावशींनी फरशी घासायचं मशीन आणलं तेव्हा कॉरिडॉरमधला प्लग जळलेला होता. त्यांनी स्टोअररूममधली एक वायर काढली, मशीन लावलं, काम झाल्यावर वायर होती तिथे परत लावली. दुसऱ्या कोणीही हेच केलं असतं. मधल्या वेळात नऊ नंबरच्या आजोबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, वाट पाहिली, आणि शेवटी बाथरूमला जायला स्वतःच उठले. पडले. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही धावत पोचलो आणि त्यांना उचलून बटण तपासलं, तोवर घंटा ठणठणीत वाजत होती.

दुपारी साहेब आले, मागे दादा. साहेबांनी एकेक बटण दाबून दाखवलं. "बघा, सगळं चालू आहे. सफाईवाल्या बाईंनी भिंतीवरच्या पॅनेलवर ओला फडका मारला असणार. पाणी गेलं की असं होतं."

"मी भिंतीला हातपण लावला नाही," मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. आमच्या मेट्रनबाईंनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दादा तेवढ्यात स्टोअररूममध्ये जाऊन आला होता, आणि आता आपल्या बुटांकडे बघत उभा होता. हा बुटांकडे कधी बघतो ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले आणि त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नाही. "बोल."

"कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झालाय. घंटा त्याच्यावर आहेत."

"आणि तू तिथे मूग गिळून उभा राहिलास?"

"साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, आत्ता तोंड उघडलंस तर कंपनी बुडेल."

"बुडू दे! त्या बाईच्या पोटावर पाय दिलात तुम्ही. फायली बोट ठेवून वाचतोस, माणूस वाचता येत नाही तुला?"

वहिनी मध्ये पडली, मी तिलाही झापलं. त्या घरात मला बसवेना. दारापाशी गेले तर तो मागून म्हणाला, "सकाळी येतो मी."

आला. मेट्रनबाईंना वॉर्डात उभं केलं आणि स्टोअररूममध्ये जाऊन वायर काढली. "आता कुठलंही बटण दाबा." बाईंनी दाबलं. शांतता. दुसऱ्या खाटेचं, तिसऱ्या खाटेचं दाबलं. बाईंचा चेहरा लाल होत गेला. दादाने वायर लावली, पेटी उठेपर्यंत थांबायला लावलं आणि सगळं सांगितलं, केबलपासून घरजावयापर्यंत. साहेबांचं नाव घेतलं, स्वतःचंही घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग मावशींना नाही, घरी तुम्हाला बसवायला हवं होतं." त्यांनी तिथल्या तिथे घंटा काढून न्यायला सांगितल्या आणि मावशींना फोन लावला.

मावशी दुपारी आल्या. दादा कॉरिडॉरमध्ये थांबला होता. नोकरी गेलीच म्हणून समज, असा साहेबांचा फोन त्याला येऊन गेला होता. तरी थांबला, माफी मागायला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "मावशी, चूक तुमची नव्हती. त्या वायरवर सगळ्या घंटा होत्या."

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच न समजल्यासारखं विचारलं,

"एवढंच होतं तर मला सांगायचं ना, भाऊ. 'मावशी, ही वायर काढू नका' म्हणायचं. मी काढली असती का?"

 दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मदतीला गेले नाही.