दारावरचा सुखदेव

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशीच भांडून राह्यलो होतो... मनातल्या मनात. काही दिवसांआधी त्याच्या घरून रागात उठून आलतो अन् तेव्हापासून उठता-बसता त्याले उत्तरं देणं सुरू होतं. त्या सकाळी एक चांगलं सणसणीत उत्तर जमलं. आता हे जाऊन त्याच्या तोंडावरच सांगतो म्हणून सदरा बदलला, कारंज्याची बस धराले निघालो, तर फोन वाजला. आमच्या गुफा मंडळाची प्रीती होती. "काका, सुखदेवकाका गेले हो," म्हणे. मी म्हटलं, "थांब, मी त्याच्याकडंच येऊन राह्यलो." मंग तिनं पुन्हा सांगतलं, हळू. मी थांब्यावर बसलो. बस आली अन् निघून गेली. उत्तर तसंच राह्यलं.

मी आंजीचा. शाळा तिसरीतच सुटली, पण विहिरी अशा खोदल्या की अजून त्याईचं पाणी लोक पितात. पेपरासाठी सुखदेववर लिहायचं ठरलं तेव्हा प्रीती म्हणे, काका तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी म्हटलं, सुखदेव माझा होता, लिहीन पण मीच. अक्षर कोणाले लागलं नाई तर त्यानं चष्मा बदलावा.

सुखदेवचं कारंज्याले हायवेवर पंक्चरचं दुकान. माझी त्याची ओळख एका बकरीनं करून दिली. तिकडं डोंगराखाली मी एका शेतात विहीर खोदून राह्यलो होतो, अन् हा बारीकसा माणूस भर दुपारी धापा टाकत आला. पायात टायरच्या चपला, त्यानंच ट्रकच्या टायरातून कापलेल्या. म्हणे, "भाऊ, तुमचा दोर पाह्यजे. बायकोची बकरी डोंगरातल्या भेगेत पडली. बकरी नाई आणली तर घरात येऊ नका म्हणे ती." मी म्हटलं, दोर जाईल तिथं मी जाईन, माझा दोर मी कोणाच्या हातात देत नाई. तो म्हणे, "मंग तर लय चांगलं, मलेच उतरायचं नव्हतं!" त्यानं वर दोर धरला, मी खाली उतरलो. बकरी मजेत उभी होती, कुठून तरी पडलेला पाला चावत. अन् तिच्या मागं काळ्या दगडात पोकळी, माणूस वाकून जाईल एवढी, अन् तिच्यातून गार वारा येऊन राह्यला. मी वर ओरडलो, "सुखदेव, इथं भुयार आहे बे!" वरून आवाज आला, "आधी बकरी पाठव!"

तिथून आमचं सुरू झालं. त्या डोंगरात मागून पाह्यलं तर अशा कपारी अन् गुफा बऱ्याच. आधी आम्ही दोघंच जाऊ. मंग आमचं ऐकून हिंगणघाटची प्रीती आली, शाळेत मास्तरीण आहे, तिच्यामागून आणखी पोरं-पोरी आल्या, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले असलेला दिनेश आला, अन् मंडळ झालं. महिन्यातून एखादा रविवार ठरला. निघायच्या आधी सुखदेव जीपचं एकेक चाक दाबून पाहे. चाक घासलेलं दिसलं की गाडी परत. एकदा एकानं नवी कोरी गाडी आणली अन् स्टेपनीच नाई आणली, तर सुखदेवनं सगळ्याईले खाली उतरवून दुकानातून चाक आणून टाकलं, तवा गाडी हलली. "गुफेत मेला तर लोक मोठा धाडशी म्हणतील," म्हणे, "हायवेवर मेला तर कोणी नावही नाई विचारणार." डोंगराखाली पोचलो की आधी गोवऱ्या पेटवून कणकेचे जाड रोडगे भाजायले लावायचे, वांग्याची भाजी टाकायची, अन् चढायचं. ती भाजी राखायले कमलावहिनी, म्हणजे त्याची बायको, खाली बसे. पण खाणं सगळे बाहेर आल्याशिवाय नाई.

सगळे बाहेर आले हे कळायचं कसं, तर चपलांनी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या गुफेच्या तोंडाशी महादेवाची पिंड आहे, म्हणून पयल्यापासून आम्ही तिथं चपला काढत होतो अन् आत जुने कापडी बूट घालून जात होतो. सुखदेवनं त्याचा कायदाच करून टाकला. चपला एका ओळीत. बाहेर आला तो आपली जोडी उचलेल. ओळीत जोडी आहे तोवर माणूस आत आहे, अन् माणूस आत आहे तोवर रोडगा फोडायचा नाई. पोरं म्हणत, काका, मोबाइलमध्ये हजेरी घेऊ. तो म्हणे, "मोबाइल खिशात घालून तुम्ही आत जाता. चपला कोणी खिशात घालत नाई." अन् तो स्वतः गुफेच्या तोंडाशी एक चपटा दगड आहे त्याच्यावर बसून राहे. आम्ही त्याले दारावर बसणं म्हणत होतो. इतकी वर्षं गुफा गुफा केलं, पण हा माणूस कधी आत आला नाई. मी त्याले जाता-येता टोचत होतो. "काऊन रे, भेतं काय अंधाराले? बाईमाणसं आत चालली अन् तू बसला चपला राखत!" तो हसे. "राखू दे ना बाप्पा. चोरी गेल्या तर अनवाणी जाशील."

मंग तो दिनेशचा रविवार आला. सगळे बाहेर आले, एक जोडी उरली. दिनेशची. हाका मारल्या, उत्तर नाई. प्रीतीचं तोंड पांढरं पडलं. मी कोणाले विचारलं नाई, सरळ आत शिरलो, कारण मोठ्या गुफेत शेवटी एक चिंचोळी आडवी फट आहे, तिथं पोरगा अडकला असेल असं मले वाटलं. त्या फटीतून मी कैक वेळा गेलतो. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, अर्ध्यात छाती बसली ती बसलीच. पुढं नाई, मागं नाई. बॅटरी हातातून सुटून पुढं गडगडत गेली. मागून पोरांनी पाय ओढून पाह्यले, तर मी आणखीनच घट्ट. मले वाटलं, झालं आपलं, अन् तेही त्या जिनिंगच्या पोरापायी... तेवढ्यात मागं पायापाशी कोणीतरी सरपटत आलं. टायर-ट्यूबचा वास आला.

"काय गुलाबराव," तो म्हणे, "बरे आहात ना?"

मी म्हटलं, "तू कसा आला आत?"

"पायानं. आता छाती आत घे."

"घेतली आहे."

"नाई घेतली. फुगवून राह्यला तू. जन्मभर छाती पुढं काढून चालला, आता तिथंच अडकला. सोड श्वास. सोड पुरा. इथं अंधार आहे राजा, पाहायले कोणी नाई."

खोटं काऊन बोलू, मले हसू आलं. अन् हसता हसता श्वास सुटला, तसा त्यानं बोलता बोलता माझ्या पायाले बांधलेला ट्यूबचा पट्टा असा ओढला की मी बाहेर आलो, अन् माझी पँट फाटून पुढं राह्यली. त्यानं आपला शर्ट काढून माझ्या कमरेले बांधला. तिथं अंधारात बसल्या बसल्या मी त्याले विचारलं, "सुखदेव, तू तर माझ्यापेक्षा सोपा आला आत. भेत नाई तू. मंग इतकी वर्षं बाहेर काऊन बसतं?" तो पट्टा गुंडाळून राह्यला होता. म्हणे, "तू आत जातं म्हणून." अन् चाल म्हणे, रोडगे जळत असतील.

अन् दिनेश? दिनेश मागच्या खोरीकडं असलेल्या भोकातून कवाच बाहेर पडला होता, बूट तसेच पायात ठेवून, कारण घरी पाहुणे आलते अन् त्याले बस धरायची होती. आम्ही त्याले शोधून राह्यलो होतो तवा तो हिंगणघाटात पोहे खाऊन राह्यला होता. दुसऱ्या दिवशी सुखदेव दुकान बंद करून, दिनेशच्या चपला पिशवीत घालून एसटीनं हिंगणघाटले गेला. दार वाजवलं, चपला उंबऱ्याबाहेर मांडल्या अन् म्हणे, "घाल." त्यानं घातल्या. "आता तू बाहेर आला. आता मले चहा दे." प्रीतीनं मात्र दिनेशशी बोलणं टाकलं, अन् ती एवढी चिडली म्हणूनच सुखदेवले शंका आली. पुढं काही रविवार त्यानं दगडावर बसून पाह्यलं. प्रीतीच्या चपलेच्या बाजूले दर वेळी दिनेशचीच चपल. मधात दुसऱ्या कोणाची आली तर ती सरकवलेली. त्यानं मले सांगतलं, मी म्हटलं काहीतरीच. अन् त्याच वर्षी प्रीती-दिनेशच्या लग्नात आम्ही दोघं बुंदी खाऊन राह्यलो होतो, तवा तो माझ्याकडं पाहून अशी मान हलवे की घासच उतरेना.

मंग त्याले दम लागायले लागला. शेवटी मी भेटाले गेलतो तवा तो दुकानामागच्या खोलीत बाजेवर होता, उशाशी पाना अन् पाण्याचा तांब्या. वहिनीनं चहा आणला. तो म्हणे, "गुलाब, आता पुढं दारावर तू बसजो." मले असा राग आला! मी म्हटलं, "दारावर म्हातारे बसतात." तो हसायले लागला, हसता हसता खोकायले लागला. "अन् मी काय जवान होतो?" म्हणे. "तू नाई बसला तर कोणी बसणार नाई. पोरं आत पाहतात, बाहेर पाहणारा एकही नाई. दार रिकामं असलं तर मंडळ बंद करा, मी प्रीतीले सांगून ठेवलं." मी म्हटलं, "मी विहिरी खोदल्या, मी चपला राखणार नाई." अन् चहा अर्धा ठेवून उठलो. वहिनी मागून म्हणे, "भाऊजी, चहा तर प्या." नाई प्यालो.

तो गेल्यानंतरचा पयला रविवार आला. पोरांनी जायचं ठरवलं, सुखदेवच्या नावानं. वहिनीही आली. रोडग्याचं पीठ आणलं, वांगे आणले, अन् एका पिशवीत त्याच्या टायरच्या चपला. म्हणे, "घरात कुठं ठेवू? दिसल्या की मी दाराकडं पाहते. याईची जागा वरच आहे, ओळीत." प्रीतीनं त्या वर नेल्या अन् पिंडीपाशी ओळीत मांडल्या, पयल्या नंबरवर. मंग सगळ्याईनं आपापल्या काढल्या, मीही काढल्या, बूट चढवले. अन् सगळे उभे. दगड रिकामा. प्रीती माझ्याकडं पाहत नव्हती, मुद्दाम. ती पोरांले म्हणाली, "दारावर कोणी नसेल तर आज परत फिरायचं. अन् पुढचं नंतर पाहू." ते नंतर म्हणजे कवाच नाई, हे मले कळलं. दिनेश बॅटरी चालू-बंद करून राह्यला होता. खालून वांग्याच्या भाजीचा वास येऊन राह्यला होता. मी बुटाची नाडी सोडली. म्हटलं, "जा बे आत. आजच्या दिवस बसतो. आजच्याच."

त्या दगडावर मी पयल्यांदा बसलो. बसून पाह्यल्याशिवाय नाई समजत. आत असलं म्हणजे बॅटरीपुढचं तेवढं दिसते. तिथं बसलं की कोणी दिसत नाई अन् सगळ्याईचा घोर लागते. मी एकेक चपल पाहून राह्यलो होतो. ही पोरगी नवीन आहे, हिची टाच घासली, घसरून पडेल. याची वादी तुटली, सांगाले पाह्यजे. जरा उशीर झाला की उठून आत वाकून पाहत होतो, हाका मारत होतो. एक पोरगं बाहेर आल्यावर म्हणे, "काका, सुखदेवकाका एवढे ओरडत नव्हते." मी म्हटलं, त्याच्या मनात ओरडत होता तो, तुले काय ऐकू येणार?

एकेक जण आला, आपली जोडी उचलून गेला. दिनेश आला, तोही उचलून गेला, शिकला आता. मी माझ्या उचलल्या. अन् ओळीत एक जोडी राह्यली.

खाली रोडगे भाजून झालते. सगळ्याईच्या पोटात कावळे ओरडून राह्यले होते, पण कोणी खाली जाईना. कायदा म्हणजे कायदा. प्रीती हळूच म्हणे, "काका... काय करायचं?" कोणी म्हटलं, इथंच राहू द्यायच्या, देवापाशी. मी म्हटलं, नाई. जोडी राह्यली म्हणजे माणूस आत राह्यला, असं त्यानंच सांगतलं. त्याले आत ठेवून मी रोडगा खाणार नाई. मी माझ्या चपला पिशवीत टाकल्या अन् त्याच्या घातल्या. बारीक माणसाचा पाय, माझी अर्धी टाच मागं बाहेर. तसाच फटक फटक उतरलो. वहिनीनं आधी माझ्या पायाकडं पाह्यलं, मंग तोंडाकडं, अन् मले पयला रोडगा फोडून दिला, तूप घालून. म्हणे, "आले काय सगळे?" मी म्हटलं, "आले."

आजच्या दिवसाचे आता कैक रविवार झाले. मी चुकलो असं मी कोणाले म्हटलं नाई अन् म्हणणार नाई. माझं ते सणसणीत उत्तर अजून माझ्यापाशीच आहे, भेटला तर देईन. पण जाताना त्याच्याच चपला घालून जातो, पयल्या नंबरवर काढतो, दगडावर बसतो, अन् सगळे आले की घालून उतरतो. त्या चावतात. वहिनी म्हणते, दुकानात टायर पडलं आहे, मापाच्या कापून घ्या. मी नाई म्हणतो.

मागच्या वेळी दिनेशनं आत शिरता शिरता मागं वळून डिवचलंच, "काय काका, आत नाई येत आता? भेता काय अंधाराले?" प्रीती त्याले गप म्हणून राह्यली होती. मी त्याची वादी तुटायले आलेली चपल सरळ करून ओळीत ठेवली.

म्हटलं, "तू जातं म्हणून."