शेंदरी ताटल्या

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी फौजेत ऑफिसरांच्या मेसमध्ये गेली. साहेबांच्या टेबलावर चिनीमातीच्या ताटल्या मांडायच्या, उचलायच्या, धुऊन पुसून कपाटात ठेवायच्या. स्वतः जेवायचे स्टीलच्या थाळीत. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून महाबळेश्वरच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यावर राखणदारी धरली. पुढं तो बंगला हॉटेलसाठी विकला गेला. मालकीणबाई सामान आवरायला आल्या, तेव्हा यांना म्हणाल्या, "कोठीत जे पडलंय त्यातलं हवं ते घेऊन जा." कोठीत एका खोक्यात, पेंढ्यात गुंडाळलेल्या या ताटल्या निघाल्या.

एसटीत खोकं मांडीवर घेऊन ते साताऱ्याला आले. दिवाळी तोंडावर आली होती. पुढच्या खोलीत चादर पसरून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. हळदीसारख्या पिवळ्या ताटल्या, गडद हिरव्या, निळ्या, काही वाडगे आणि एक मोठा जग. बाकीच्या ताटल्या, वाडगे आणि जग शेंदरी होते, मारुतीच्या अंगावर असतो तसा रंग.

"साहेब लोकांकडं बी असला रंग न्हवता," ते म्हणाले. "आता आपुन जेवायचं ह्यात."

सून भाकरी थापायची सोडून हात पुसत आली. माझा मुलगाही फौजेतच, लांब सीमेवर. ती आमच्याजवळ राहायची. "मामंजी, लय भारी हायत," म्हणाली आणि जग उजेडाकडे धरून बघत राहिली. जवळून पाहिलं तर वरच्या झिलईला केसासारख्या बारीक चिरा होत्या. मी बोटानं चाचपून बघितल्या. जुनं म्हणून असेल, असं वाटलं.

मी मात्र माझी स्टीलची ताटली सोडली नाही. शहाणपण वगैरे काही नव्हतं, चिनीमाती हातातून निसटेल अशी भीती वाटायची. ते दोघं रोज त्याच ताटल्यांत जेवायचे. जगात सकाळी ताक भरून ठेवलं की दुपारपर्यंत तिघांना पुरायचं.

संक्रांतीला मुलगा रजेवर येऊन गेला होता. फाल्गुनात सुनेला दिवस गेल्याचं कळलं. मुलगा फोनवर रडला. तिला अन्न नको व्हायचं, फक्त आंबट हवं असायचं. चिंच-गुळाचं पाणी, लिंबाचं सरबत, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. फोडी शेंदरी वाडग्यात भरून झाकून ठेवायची आणि दिवसभर येता-जाता खायची. वाडग्याच्या तळाला साचलेलं आंबट पाणीही ती पिऊन टाकायची. हे तिच्यासाठी बाजारातून कैऱ्या आणायचे, निवडून, टणक टणक.

पाचव्या महिन्यात एके दुपारी ती मोरीच्या दारात बसली आणि मला हाक मारली, "आत्या, आवं, इकडं या." आवाज अगदी बारीक. दवाखान्यात पोचलो तोवर काही उरलं नव्हतं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी होतं असं, कारण सापडतंच असं नाही. मुलाला रजा मिळाली, तो येऊन गेला. सून बोलेनाशी झाली. अंगावर रक्त नसल्यासारखी पांढरी दिसायची. बाळ गेल्याचं दुःख आहे, असंच आम्ही धरलं.

पावसाळ्यात यांचं पोट दुखायला लागलं. पिळवटून यायचं, संडासला होईना, तोंडाला सारखी धातूची चव. पित्तावरच्या गोळ्या झाल्या, दुर्बीण घालून झाली. मग एक दिवस शर्टाची बटणं लावता येईनात. उजवा हात पुढं धरला की पंजा मनगटातून खाली लोंबायचा. अर्धांगवायू असेल म्हणून घाबरून आम्ही त्यांना मिरजेला नेलं. सूनही बरोबर आली.

तिथल्या डॉक्टरांनी हात बघितला, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "भस्मं घेता का कसली? रंगाचं काम करता? बॅटऱ्यांचं?" यांनी सगळ्याला नाही म्हटलं. रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. रक्तात शिसं सापडलं होतं, ढीगभर.

"घरात खाता-पिता कशात?" त्यांनी विचारलं.

मी ताटल्यांचं सांगितलं. चिरांचं, ताकाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "जुन्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं. तुमच्या शेंदरातही असतं. नुसती ठेवली तर ती भांडी काही करत नाहीत. पण आंबट किंवा गरम घातलं, भरून ठेवलं, की उतरायला लागतं. चिरा पडलेल्या असतील तर जास्तच. कुठली ते माहीत नसलेली जुनी रंगीत ताटली शोभेला ठेवावी, जेवायला घेऊ नये."

सून माझ्या मागं उभी होती. ती पुढं आली.

"माझं बाळ त्यानंच गेलं का?"

 डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. नसूही शकतं. आता खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. तुमचंही रक्त तपासू."

तिच्याही रक्तात निघालं. माझ्यात होतं, पण कमी.

 परतीच्या एसटीत कराड सोडल्यावर हे म्हणाले, "मी आनलं त्ये." कुणाला म्हणाले ते कळलं नाही. सून खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिली. मी त्यांच्या लोंबत्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी काढून घेतला.

घरी आल्यावर ताटल्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. शेजारीण म्हणाली, "मला द्या, भिंतीला लावते." हे म्हणाले, "न्हाई. उद्या कोन तरी भिंतीवरनं काढून त्यात जेवंल." तशाच कचऱ्यात टाकल्या तरी कुणी तरी उचलणार. शेवटी त्यांनी गोणपाटाचे तुकडे ओले केले, त्यांत ताटल्या गुंडाळल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि परसात हातोडा घेऊन बसले. पण पंजा हातोडा पेलेना. दोनदा निसटून मातीत पडला. तिसऱ्यांदा सुनेनं तो उचलला.

"सरका, मामंजी."

तिनं तोंडाला पदर गुंडाळला आणि एकेक गाठोडं फोडलं. घाई नाही, राग नाही, मिरची कुटावी तशी. हे बाजूला बसून बघत होते. शेवटी जग राहिला. तो तिनं गुंडाळायच्या आधी क्षणभर हातात धरला. मग तोही गोणपाटात घालून फोडला.  तुकडे आम्ही डब्यात भरून झाकण तारेनं आवळलं आणि नगरपालिकेच्या माणसाला सांगून दिला.

औषधं चालली. यांचं पोट दुखायचं थांबलं. मनगट थोडं वर येतं, बटणं मीच लावते. सुनेचं रक्त सुधारलं, तशी ती मुलाच्या नव्या पोस्टिंगवर राहायला गेली. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या बाळाची घाई करू नका, आधी रक्त तपासून घ्या. ती मला फोन करते, भाजीपाल्याचं, तिकडच्या थंडीचं सांगते. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहतात. ती त्यांचं नाव काढत नाही आणि मीही तिला कधी म्हणत नाही की मामंजींशी बोल. थोडा वेळ थांबून ते पायात चपला घालतात आणि बाहेर जातात.