मामांचा पिंजरा हलता कामा नये

ज्या हिवाळ्यात आमच्या तलासरीची जमीन दर दोन-तीन दिवसांनी हलत होती, त्याच हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांनी मला एक पिंजरा सांभाळायला दिला आणि बजावलं, "जावईबुवा, बाकी काही करू नका. फक्त हा हलता कामा नये."

सासरे झाईचे, सगळं आयुष्य बोटीवर काढलेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. २०१८ संपत आलं होतं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वलसाडला ठरलं होतं आणि नंतर आठ-दहा दिवस ते तिकडेच माझ्या मेव्हण्याकडे राहणार होते. सासूबाई गेल्यावर त्यांनी सहा लव्हबर्ड आणले होते. त्यांच्या कलकलाटाशिवाय मामांना जेवण जात नसे. थोडक्यात, जोखीम लहान नव्हती.

"मामा, इथे घर हलतंय! पिंजरा कसा थांबवू?"

"तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे ना?" मामा म्हणाले आणि रिक्षात बसून गेले.

झालं! माझ्या धंद्यालाच आव्हान! कड्या, कोयंडे, जाळ्या, बिजागऱ्या विकून मी अर्ध्या तालुक्याची दारं-खिडक्या पक्की केली आहेत. (आमच्या न्हाणीघराची कडी दोन वर्षं सुतळीने बांधलेली आहे, पण तो वेगळा विषय आहे.)

मामांचा पिंजरा एका दोरीवर आणि एकाच गाठीवर लटकायचा. मला ते बघवेना. मी छतात बोल्ट ठोकला, त्याला साखळी लावली. दाराला कुलूप घातलं आणि वरून तारेचे चार वेढे मारले. आत कोपऱ्यात एक मडकं बांधलेलं होतं. पाण्याचं असेल म्हणून डोकावलो तर आत नुसता अंधार आणि भुसा. म्हातारपणी माणूस काय काय ठेवतो, असं म्हणत मी त्यालाही दोन क्लॅम्प मारून टाकले.

माझी बायको सुरेखा कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, आत पक्षी आहेत. सोनं नाही."

"तुला सेफ्टी कळत नाही."

मग माझं लक्ष पक्षी बसतात त्या दांड्यांकडे गेलं. पेरूच्या वाकड्यातिकड्या फांद्या! मी त्या काढून पीव्हीसी पाइपच्या चकचकीत दांड्या बसवल्या. पहिला पक्षी ऐटीत बसला आणि घसरून खाली. दुसरा बसला, तोही खाली. तिसऱ्याने पडता पडता चौथ्याला धरलं. पाच मिनिटांत सगळे पिंजऱ्याच्या तळाशी उभे राहून वर पाइपकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते, ते मी फक्त माझ्याकडून पंप घेतलेल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत. शेवटी पाइपांवर सुतळी गुंडाळली, तेव्हा कुठे मंडळी वर गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी धक्का बसला. भांडी वाजली, आम्ही अंगणात धावलो. त्या दिवसांत भीती खरी होती, लोक ताडपत्र्या टाकून बाहेर राहत होते. जमीन थांबली आणि आत येऊन बघतो तर पिंजरा जत्रेतल्या पाळण्यासारखा झुलत होता! मी लगेच चारही कोपऱ्यांना ताणतारा बांधल्या. एक खिडकीच्या गजाला, एक दाराच्या चौकटीला, एक कपाटाला, एक फ्रीजला. आता पिंजरा हलत नव्हता. आम्हीही हलू शकत नव्हतो. सुरेखा स्वयंपाकघरात वाकून जायची आणि वाकूनच चहा घेऊन यायची.

पुढचा धक्का बसला तेव्हा घर, फ्रीज, कपाट आणि पिंजरा सगळं एकदम थडथडलं. पक्षी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले. मी मामांना फोन लावला.

"ताणून बांधलात?" मामा ओरडले. "अहो, बोट कधी ताणून बांधतात का? दोर सैल सोडायचा!"

"म्हणजे सैल सोडू?"

"सोडा. पण हलता कामा नये!"

फोन ठेवून मी बराच वेळ त्या वाक्याचा विचार केला. सैल, पण न हलणारं! माझ्या दुकानात अशी एकच वस्तू होती: स्प्रिंग. मी तारांच्या मध्ये दार आपोआप बंद करायच्या चार स्प्रिंगा जोडल्या आणि तिथून खरा गोंधळ सुरू झाला.

आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. ट्रेलर गेला की स्प्रिंगा नाचायच्या, स्प्रिंगा नाचल्या की पक्षी फडफडायचे, आणि पक्षी फडफडले की शेजारच्या कांताबेन हातात लाटणं घेऊन रस्त्यावर!

"आव्यो! भूकंप आव्यो!"

मग सगळी गल्ली बाहेर.

"आला का?"

"मला नाही जाणवला."

"मला थोडा जाणवला बहुतेक."

"ट्रेलर होता हो," मी सांगायचो.

"पक्ष्यांना पहेला कळते," कांताबेन ठणकावायच्या. "तुमाला काय कळते?"

गल्लीने माझ्यापेक्षा पक्ष्यांवर विश्वास ठेवायचं ठरवलं. एका दिवसात आम्ही चार वेळा बाहेर पळालो: दोनदा ट्रेलर, एकदा मांजर आणि एकदा सुरेखाचा मिक्सर. पाचव्यांदा खरोखरचा धक्का बसला तेव्हा पक्षी निवांत राळ्याचे दाणे खात होते, म्हणून कोणीच उठलं नाही. मी एकटा उठलो, धावलो आणि कपाळ थेट ताणतारेवर! चारही स्प्रिंगांनी मिळून पिंजऱ्याला असा झटका दिला की वाटी, पाणी, राळे आणि पिसं सगळं घरभर झालं.

कपाळावर बर्फ धरून मी पक्षी मोजले. पाच.

पुन्हा मोजले. पाच.

"सुरेखा, तू मोज."

"चार... थांबा, हा हलला. सहा. नाही, हाच तो मघाचा."

"मने तो सात देखाय छे," दारातून कांताबेन.

शेवटी सगळे दांडीवर बसले तेव्हा नीट मोजले. तीन हिरवे, एक निळा, एक पिवळा. आणि मामांचे तर दोन पिवळे होते! कुलूप जागच्या जागी, तारेचे वेढे जागच्या जागी, जाळीला भोक नाही. पक्षी गेला कुठून? मी कुलूप उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं, जाळीतून स्वतःचं बोट जातं का तेही पाहिलं. (जातं. बाहेर यायला मात्र वेळ लागतो.) चिकूच्या झाडावर बघितलं, दुकानातल्या पाइपांच्या गुंडाळ्यांत बॅटरी मारली. काही नाही.

त्याच संध्याकाळी मामांचा फोन. "डोळ्याला पट्टी आहे, काही दिसत नाही. नुसता पडून असतो. जरा त्यांचा आवाज ऐकवा." मी फोन पिंजऱ्याजवळ धरला. पाचांनीही भरपूर आवाज केला. "माझी पिवळी बरी आहे ना?" मामांनी विचारलं. "तिचा आवाज वेगळा असतो."

"मजेत आहे," मी म्हणालो आणि माझा मलाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी वापी गाठली. पक्षी विकणाऱ्याने विचारलं, "नर की मादी?"

"पिवळी."

"नाकाचा रंग काय होता? त्यावरून कळतं."

इतके दिवस मी तिची दांडी बघितली, दार बघितलं, कुलूप बघितलं. तिच्या नाकाकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं! शेवटी त्यातल्या त्यात ओळखीचा वाटणारा एक पिवळा पक्षी घेतला, घरी येऊन पिंजऱ्यात सोडला आणि सुरेखाला म्हणालो, "सहा."

"बाबांना कळेल," ती म्हणाली.

"एका डोळ्याने?"

मामा आले ते काळा चष्मा लावून. चप्पल काढायच्या आधी पिंजऱ्यासमोर उभे. ओठ हलवत मोजलं, मला कुलूप आणि तारा सोडायला लावल्या आणि आत हात घालून मडक्यावर टकटक केलं. मडक्याच्या तोंडातून एक पिवळं डोकं बाहेर आलं, आमच्या सगळ्यांकडे रागाने बघितलं आणि परत आत गेलं.

"सात," मामा म्हणाले. "मी सहा दिले होते."

"मामा, ऑपरेशननंतर कधी कधी एकाचे दोन..."

"जावईबुवा!"

मी सगळं सांगितलं. स्प्रिंगा, कपाळ, वापी, नाक. मामा म्हणाले, "अहो, ती अंड्यांवर बसलीय. नर तिला दाणे आत नेऊन भरवतो. त्या मडक्यासाठीच तर म्हणत होतो, हलता कामा नये."

"मग मडकं म्हणायचं ना! मला वाटलं, पाण्याचं आहे!"

त्या स्प्रिंगांवर अंडी काय टिकणार! मामांनी मोबाइलची बॅटरी मडक्यात धरली. मामांनी चष्मा वर केला, पाणावलेला डोळा बारीक करून पाहिलं.

"चारी आहेत. मडकं कोणी आवळलं?"

"मी," मी शिक्षेच्या तयारीने म्हणालो.

"तेवढं बरं केलंत," मामा म्हणाले आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. मला इतका आनंद झाला की आपण ते का केलं होतं, हे सांगायचं मी टाळलं.

पिंजरा उतरवायला मला, सुरेखाला आणि कांताबेनला मिळून पाऊण तास लागला. मामांनी त्याला आपली जुनी दोरी बांधली, एक गाठ मारली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. वापीचा पाहुणा मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. "नाक निळं आहे. हा नर. माझ्या पोरांशी भांडेल. तुमच्याकडे राहू दे."

पाहुण्याला पंख्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, खोक्याला भोकं पाडली आणि मी कामाला लागलो. आता कोणाचं ऐकायचं नव्हतं. दोन दिवस खपून मी पिंजरा बनवला. लोखंडी अँगलची चौकट, दुहेरी जाळी, प्रत्येक सांध्याला नटबोल्ट, आत पेरूच्याच फांद्या (शिकतो माणूस!), खाली चार रबरी पाय. गल्लीतले लोक बघायला आले. एकाने धक्का दिला, दुसऱ्याने लाथ मारून पाहिली. पिंजरा तसूभर हलला नाही. मी आयुष्यात प्रथमच कांताबेनच्या तोंडून "सरस" हा शब्द माझ्या कामाबद्दल ऐकला.

सुरेखा खोकं घेऊन आली. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. मग उलट दिशेने एक.

"छान झालाय," ती म्हणाली. "याला दार कुठाय?"