आंघोळीचं आमंत्रण

पेणपासून रोह्यापर्यंत जेवढी माणसं राहतात, त्यांतल्या निम्म्यांना तरी आमच्या आतोबांनी आपल्या घरी आंघोळीला बोलावलेलं आहे. उरलेल्या निम्म्यांशी त्यांची अजून ओळख झालेली नाही, एवढंच. लोक लोकांना चहाला बोलावतात, जेवायला बोलावतात, फार तर सत्यनारायणाला बोलावतात. आतोबा आंघोळीला बोलावत. रस्त्यात भेटलेल्या माणसाची चौकशी करून झाली, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, "मग रविवारी या आंघोळीला. टॉवेल आणू नका, आमच्याकडे हाय." नवखा माणूस यावर स्वतःच्या शर्टाचा वास घेऊन बघत असे.

आतोबा म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं गाव गागोदे बुद्रुकच्या पलीकडे. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बारावीनंतर मी पेणला आतोबांच्या घरी राहायला आलो आणि पदवी घेऊनच बाहेर पडलो. आज मी रोह्याला शिक्षक आहे, त्यामागे त्या घरातलं जेवण आणि अंथरूण आहे. आंघोळीचं पाणीही आहे, हे आतोबांनी पुढे पुष्कळ लोकांना सांगितलं. "हा आमचा भाचा. सोलरच्या पाण्यावर ग्रॅज्युएट झाला," अशी ते माझी ओळख करून देत. ऐकणारा माझ्याकडे मी एखादं रोप असल्यासारखा बघे.

आतोबांनी आयुष्यभर रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर काम केलं. उमेदीची सगळी वर्षं आगीसमोर शिफ्टमध्ये काढल्यावर एके दिवशी त्यांच्या मनात आलं, की वर आकाशात एवढा मोठा बॉयलर फुकट चालू आहे आणि आपण खाली कोळसा ढकलतोय. त्यांनी नोकरी सोडली आणि पेणमध्ये सोलर वॉटर हीटरचं दुकान टाकलं. कंपनीने जाहिरातीसाठी रंगीत पत्रकं पाठवली. आतोबांनी ती फरसाणवाल्याला देऊन टाकली. "कागदानं पाणी गरम होत नाय," हे त्यांचं मत होतं. त्याऐवजी ते स्कूटरच्या हुकाला एक मोठा थर्मास अडकवून फिरत. त्यात स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असे. बोलणं सुरू होण्याआधी "हात पुढे करा" म्हणून ते समोरच्याच्या तळहातावर पाणी ओतत. एकदा रोह्याला जाताना आमची गाडी क्रॉसिंगसाठी निडी स्टेशनवर रखडली. आतोबांनी ती वेळ फुकट घालवली नाही. थर्मास घेऊन ते डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. बऱ्याच प्रवाशांना वाटलं तीर्थ वाटतायत. एका आजोबांनी तर ते पिऊन हात डोक्यावरून फिरवला. आतोबांनी त्यांना थांबवलं नाही. "भक्ती असली तर गिऱ्हाईक लवकर पटतं," ते मला नंतर म्हणाले.

पण थर्मास ही नुसती सुरुवात. खरा प्रचार म्हणजे आंघोळ. घराच्या पुढच्या बाजूला त्यांनी त्यासाठी एक न्हाणी बांधून घेतली होती. पांढऱ्या टाइल्स, चकचकीत नळ, नवा साबण, घडी न मोडलेला टॉवेल. दारावर रंगाने लिहिलं होतं: 'आधी आंघोळ, मग बोलणं.' आंघोळ होऊन माणूस बाहेर आला की आत्या पोह्यांची बशी पुढे ठेवी. अंग शेकलेलं, पोट भरलेलं, अशा माणसाला नाही म्हणायला जड जातं, हे आतोबांनी ओळखलं होतं. हे आमंत्रण द्यायला त्यांना कोणी वर्ज्य नव्हतं. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात शिरून त्यांनी मूर्तिकाराला गळ घातली, तेव्हा शाडूच्या मूर्तीला डोळे काढता काढता तो म्हणाला, "आतोबा, मी येतो हो, पण आमच्या धंद्यात पाण्याचं नाव काढू नका. आमचा देव आंघोळ केली की विरघळतो." दुसऱ्या एका वर्षी त्यांनी खाडीकडच्या एका गावच्या क्रिकेट स्पर्धेत सामनावीरासाठी बक्षीस ठेवलं: एक टॉवेल आणि एक गरम आंघोळ. समालोचकाने माइकवरून ते इतक्या वेळा सांगितलं, की सामनावीर रविवारी सकाळी आला तो अख्खा संघ घेऊन, राखीव खेळाडूंसकट. टाकी रिकामी झाली, आत्याचे पोहे संपले, शेवटचा गडी थंड पाण्याने कुडकुडत न्हाला. सोलर कोणी घेतलं नाही. आतोबा मात्र कितीतरी दिवस खुशीत होते. "पोरांना सवय लागली बघ," म्हणायचे. "लग्नं झाली की येतील."

त्यांच्या धंद्यात एक अडचण अशी, की उन्हावर पाणी तापवणाऱ्या नळ्यांचं तोंड दक्षिणेला ठेवावं लागतं. आमच्या गावात एका घरी सगळं ठरलं, टाकी आली, आणि घरातल्या म्हातारीने दक्षिण हा शब्द ऐकून दारातच हात आडवे केले.

"यमाकडं तोंड करून तापवलेलं पाणी माझ्या नातवंडांच्या अंगावर? नाय बा."

"आजी, सूर्य जातो दक्षिणेकडनं, त्याला मी काय करू?" आतोबा म्हणाले. "यमाकडं टाकी बघंल. तुम्ही आत खुशाल पूर्वेला तोंड करून बसा."

"आणि यमानं बघितलं टाकीकडं तर?"

"तर तोपण आंघोळ करून जाईल. चांगल्या मनानं जाईल."

म्हातारी हसली आणि टाकी चढली.

रोह्याजवळच्या एका गावातले कुवेतहून सुट्टीवर आलेले गृहस्थ यापेक्षा चिवट होते. "काका," ते म्हणाले, "तिकडे उन्हाळ्यात थंड नळाचं पाणी अंगावर घेतलं तर कातडी भाजते. आम्ही गिझर बंद करून त्याच्यातलं निवलेलं पाणी वापरतो. आणि मला तुम्ही उन्हाचं पाणी विकायला आलात?" आतोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तुमचं नाय हो. तुमचे अब्बा थंडीत पहाटे उठून नमाजाआधी हातपाय धुतात, वुजू करतात ना, त्यांना विचारा." अब्बा आत बसून ऐकतच होते. त्यांनी घरासाठी नाही, पण मशिदीसाठी सोलर बसवून घेतलं. पुढे कित्येक थंड्यांत आतोबा मुद्दाम त्या गावात जाऊन नमाज पढून बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत, "चाचा, गरम होतं ना?"

पावसाळा हा त्यांचा पडता काळ. चार महिने ढग हलत नसत आणि गिऱ्हाइकं भर बाजारात ओरडत, "आतोबा, कुठं गेला तुमचा सूर्य?" जुन्या कामगाराच्या ठसक्यात ते उत्तर देत, "रजेवर हाय. आठ महिने बिनपगारी राबतो, त्याची हक्काची रजा मी कशी नाकारू?" असं म्हणत असले, तरी त्या दिवसांत ते बाजारात मुख्य रस्त्याने न जाता गल्लीबोळांतून जात.

एवढ्या सगळ्यांना पटवणाऱ्या आतोबांना एका गिऱ्हाइकाने मात्र कधी दाद दिली नव्हती. ती म्हणजे आमची आत्या. ती रोज परसातला तांब्याचा बंब पेटवी, त्यात नारळाची सोडणं घाली आणि मागच्या जुन्या न्हाणीत त्या पाण्याने आंघोळ करी. सोलर विकणाऱ्याच्या घरामागून सकाळी धूर निघतो, ही गोष्ट लपवणं सोपं नव्हतं. पुढच्या न्हाणीत गिऱ्हाईक आंघोळीला आलेलं असताना वर धूर दिसला, की आतोबा म्हणत, "तो शेजारचा." शेजारी गॅस वापरत आणि यावरून त्यांचा आतोबांशी अबोला होता. आमच्यापाशी मात्र आतोबा मन मोकळं करत. "अख्खं पेण पटलं रे, पण हिला नाय पटत. जुन्या वळणाची बाई." आत्या यावर काही बोलत नसे. आम्हाला सगळ्यांनाच ती जुन्या वळणाची वाटत असे.

दोन वर्षांपूर्वी रोह्याला एका गच्चीवर नळ्या पुसताना आतोबांचा पाय घसरला आणि गुडघा कायमचा आखडला. तेव्हा पहिल्यांदा आत्या बोलली. "या वयात लोकांच्या माळ्यावर चढायचं नाय. बंद करा दुकान." बरेच दिवस कुरबूर होऊन शेवटी तोडगा निघाला. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात एक मोठी सोसायटी उभी राहत होती. तिचं काम मिळालं, तर आतोबांनी वर चढायला दोन फिटर कायमचे ठेवायचे, स्वतः खाली उभं राहून फक्त बोलायचं, आणि दुकान चालू ठेवायचं. गुढीपाडव्यापर्यंत काम नाही मिळालं, तर दुकानाला कुलूप. आतोबांनी अट मान्य केली आणि त्याच दिवशी वरशात जाऊन सोसायटीच्या कमिटीला आंघोळीचं आमंत्रण दिलं.

जानेवारीतल्या एका रविवारी कमिटी आली: अध्यक्ष, त्यांची वयस्कर आई आणि सोसायटीच्या सेक्रेटरी बाई. मीही मदतीला म्हणून आलो होतो. थंडी चांगली होती, आदल्या दिवशी ऊन लख्ख पडलेलं होतं, टाकीतलं पाणी हात लावू देत नव्हतं. अध्यक्ष न्हाऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नाच्या दिवशीसारखा दिसत होता. सेक्रेटरी बाईंनी नळाखाली हात धरून मान डोलावली. आतोबा बाहेरच्या खोलीत त्यांना दाब, उतार, टाकीची उंची समजावून सांगू लागले. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात आत्याजवळ बसलेल्या आजींनी नाक वर केलं.

"बंब पेटवलाय व्हय गो?"

"व्हय," आत्या पोहे हलवत म्हणाली.

"एवढं चांगलं पाणी घरात असून? आवडत नाय तुला?"

"चांगलं असंल. मला काय म्हायत? मी कधी घेतलंय?"

बाहेर सगळ्यांना ते ऐकू गेलं. आतोबा हसत हसत म्हणाले, "तेच सांगतो मी सगळ्यांना. हिला आपलं जुनंच बरं वाटतं."

"बरं वाटायचं काय त्यात?" आत्या आतूनच म्हणाली. "मागच्या न्हाणीत तुमचा पाइप कुठं आलाय?"

आतोबांनी मागच्या न्हाणीकडे मान वळवली. ते खरं होतं. टाकी बसवली तेव्हा त्यांनी पाइप नेला तो सरळ पुढच्या न्हाणीत, माणसं यायची होती म्हणून. मागे न्यायचा राहिला तो राहिलाच. घरात इतकी वर्षं आम्ही सगळे वावरलो, पण ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

"मग वहिनी, पुढे यायचं ना आंघोळीला," सेक्रेटरी बाई म्हणाल्या.

"पुढची गिऱ्हाइकांची. उजाडल्यापासून कोण ना कोण असतंच तिथं. ह्यांनी सगळ्या तालुक्याला आंघोळीला बोलावलं. मला वाटलं, माझा नंबर येईल कधीतरी."

आजी खदखदून हसल्या. अध्यक्षही हसले. सेक्रेटरी बाई मात्र हसल्या नाहीत. "ह्यांच्या स्वतःच्या घरात मागच्या खोलीपर्यंत पाणी नाही पोचलं," त्या अध्यक्षांना हळू आवाजात म्हणाल्या, पण आम्हाला ऐकू आलं. "आपल्या चौथ्या मजल्यावर कधी पोचायचं?" पोहे खाऊन, कळवतो म्हणून मंडळी गेली. महिन्याभराने वरशाचं काम दुसऱ्या कोणाला तरी मिळाल्याचं कळलं.

आत्याला ते लागलं. दुकान बंद व्हावं हे तिला हवंच होतं, पण असं नको होतं. "मी मधे बोलायला नको होतं," ती म्हणाली. आतोबा म्हणाले, "बोललीस ते बरोबर बोललीस. दाबाच्या काट्यानं खोटं दाखवलं तर बॉयलर सगळ्यांना घेऊन उडतो." एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला.

पाडव्याला त्यांनी दुकान रिकामं केलं. सामान हलवायला मीही गेलो होतो. जुन्या गिऱ्हाइकांची दुरुस्ती रोह्याच्या एका होतकरू फिटरकडे सोपवली. कपाटं उपसताना एका कोपऱ्यात पाइपचे उरलेले तुकडे निघाले. आतोबा ते उचलून त्याच फिटरला घरी घेऊन आले. तो गच्चीवर चढला. आतोबा परसात उभे राहून, आखडलेल्या गुडघ्यावर हात ठेवून, ओरडत राहिले, "उतार दे रे, उतार! हवा अडकंल!" दिवस मावळायच्या आत मागच्या न्हाणीत नळ लागला. जुन्या दगडी भिंतीवर तो परक्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या त्या न्हाणीत गेली. इतक्या लोकांना आंघोळीला बसवून दाराबाहेरून भाषण करणारे आतोबा त्या दिवशी पायरीवर कान देऊन बसले होते. आधी पाइपातलं थंड पाणी वाहिलं. मग पाण्याचा आवाज बदलला, बादली भरली, तांब्या वाजू लागला, आणि खूप वेळ वाजत राहिला. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, पण एक ओळही वाचलेली नव्हती.

आत्या डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने आतोबांकडे बघितलं.

"एवढी वर्षं लोकांना हेच सांगत फिरत होतात व्हय?"

"व्हय गो."

"मग नीट सांगत नव्हतात तुम्ही," ती म्हणाली आणि केस पुसत आत गेली.