कापसाच्या खोलीतली भुलाबाई

स्टुडिओत मी फारशी जात नाही. देऊळ, अंगण, शाळेचा हॉल, जिथं गाणं असेल तिथं माइक घेऊन पोचायचं, हा माझा धंदा. त्यामुळं अमरावतीहून वंदना नावाच्या नर्सचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

"आईच्या गळ्याचं ऑपरेशन आहे, पुढच्या गुरुवारी. आवाज बदलू शकतो म्हणतात डॉक्टर. त्याआधी तिची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करून द्याल?"

भादव्यापासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली-बायका घरोघरी जमून म्हणतात, ती ही गाणी. आता दिवाळीही उलटून गेली होती, पण पुढच्या वर्षापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. वंदनाची आई कांताबाई कारंज्याजवळच्या धनज गावात राहत होत्या. मी पुण्याहून गाडी पकडली.

सकाळी मूर्तिजापूरला उतरले आणि एसटीनं कारंज्याला आले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं बस माहेरवाशिणींनी भरलेली. कारंज्याच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे जरूर खा. तर्री मात्र बेतानं, माझं नाक तासभर गळत होतं. बॅटरीचे सेल घ्यायला एका जैन शेठजींच्या दुकानात शिरले. धनजला कांताबाईंची गाणी रेकॉर्ड करायला चाललेय म्हटल्यावर ते हसले. "मंग चार सेल जास्तच घ्या. त्या बाई एका गाण्यावर थांबत नाहीत."

धनजचा रस्ता दुतर्फा कापसानं पांढरा झालेला, वेचणी जोरात. फाट्यावर वंदना स्कूटी घेऊन उभी होती. कांताबाई साठीच्या, ठेंगण्या, गळ्याला मफलर. मला बघताच म्हणाल्या, "एवढीशी पोरगी, अन् एवढं सामान! बस, आधी जेव." वांग्याची भाजी, भाकर, हिरव्या मिरच्यांचा ठेचा.

दुपारी ओसरीवर माइक लावले. कांताबाई आणि पाच मैत्रिणी बसल्या. पहिलं कडवं झालं न झालं तोच शेजारी मळणीयंत्र सुरू झालं. ते थांबलं तर बकरी. देवळाच्या सभामंडपात गेलो, तर तिथं प्रत्येक शब्द चारदा ऐकू येत होता. डॉक्टरांनी गळ्याला ताण देऊ नका म्हणून बजावलेलं, आणि माझ्यामुळं त्या एकच गाणं पाचव्यांदा म्हणत होत्या. शेवटी खोकल्याची उबळ आली. मी माइक बंद केले.

"काहून बंद केलं?"

"उद्या करू, काकू."

"उद्या आवाज राह्यला तं!" त्या हसत म्हणाल्या, पण वंदनानं मान फिरवली.

संध्याकाळी माझ्या अंथरुणासाठी गादी काढायला वंदना मागच्या खोलीत गेली, मीही तिच्या मागं गेले. खोली कापसानं छातीपर्यंत भरलेली. वंदना काहीतरी बोलली आणि मी जागीच थबकले. तिचा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा, नितळ. मी टाळी वाजवली. ना घुमणं, ना बाहेरचा ट्रॅक्टर!

"वंदना, आपला स्टुडिओ सापडला!"

तिचे वडील कुरकुरले. "कापूस मळन ना पण." मग स्वतःच धुतलेल्या चादरी आणून पसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही जणी कापसाच्या ढिगावर चढून बसल्या. कांताबाईंनी मफलर काढला, डोळे मिटले आणि सुरू झाल्या. त्या सवाल टाकायच्या, बाकीच्या जवाब द्यायच्या. आवाजाला किंचित खरखर, वर जाताना मात्र सरळ, धारदार. सात गाणी झाली, एकही पुन्हा घ्यावं लागलं नाही. आठव्यात मात्र एक जण कुजबुजली, "बाई वो, अंग लय खाजून राह्यलं!" आणि सगळ्याच हसत सुटल्या. कापसात बसलं की खाज येतेच, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही कराकरा खाजवत होते.

"हे हसणं काढू नको बरं," कांताबाई म्हणाल्या. मी काढलं नाही.

पुण्यात आल्यावर दोन दिवस हातांवर पुरळ होतं आणि कानात गाणी. ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याभरानं फोन आला. जाड, खर्जातला, अनोळखी आवाज.

"वळखलं का? आता मले वरचा सूर लागत नाही. वंदनाले शिकवून राह्यली तुह्या रेकॉर्डिंगवरून. सवाल तिचा, जवाब माहा. घे, आयक."

आणि फोनवर दोघी मायलेकी सुरू झाल्या.