भाच्याने आत्याला दिलं तर

मला चौकशा करायची खोड आहे आणि ती वडिलांकडून आली आहे. आमचे अण्णा, म्हणजे ढुंढिराज गुरुजी, रामकुंडावरचे पिढीजात तीर्थोपाध्याय. गावोगावहून आलेल्या यजमानांना त्यांनी जन्मभर तेच तेच विचारलं: कुठले, कोणाचे, बरोबर कोण? उत्तरं लांबट वह्यांमध्ये लिहिली आणि वह्या लाल कापडात बांधून ठेवल्या. मी पंचवटीतच कर सल्लागाराचं ऑफिस काढलं. मी विचारते: पैसे कोणी दिले, कोणाला दिले, नातं काय? मालिनीने घरचं काम सोडून भलतंच काहीतरी धरलं असं अण्णा अजून म्हणतात. मी फारसा वाद घालत नाही.

भागुबाई माझ्याकडे आल्या त्या गेल्या वर्षी जूनमध्ये, वॉकर टेकत. वय पंचाहत्तर, हातांवर गोंदण, नऊवारीचा काष्टा अजून घट्ट. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांची नजर गणपतीच्या फोटोवर गेली.

"कालचा हार हाय. पाणी मारून इकलाय तुमाला," त्या म्हणाल्या.

हार मी सकाळीच वीस रुपये देऊन ताजा म्हणून घेतला होता.

मखमलाबादच्या बाजूला त्यांचं दीड एकर. गुलाब, शेवंती, झेंडू. पन्नास वर्षं त्यांनी फुलं तोडली आणि पंचवटीच्या बाजारात आणून विकली. नवरा सावळीराम फार लवकर गेला. स्वतःचं मूल नव्हतं. माझ्याकडे येण्याच्या दीड वर्ष आधी गुलाबाच्या वाफ्यात ठिबकच्या नळीत पाय अडकून पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून शहरात तळमजल्यावर भाड्याचं घर, दिवसाची एक बाई, रात्रीची एक बाई, व्यायाम करून घेणारा डॉक्टर. हा सगळा खर्च करत होता तो समाधान, त्यांच्या भावाचा मुलगा. दिंडोरीला द्राक्ष निर्यातीच्या एका कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर आहे. वॉकर धरून त्यांना आत घेऊन आला होता तोच.

"काम किरकोळ आहे, मॅडम," समाधान म्हणाला. "बँकेने आत्याच्या ठेवीच्या व्याजातून साडेसहा हजार कापलेत. तेवढे परत मिळवायचेत."

मी बँकेचा उतारा पाहिला. व्याज पासष्ट हजार. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला साठ हजार जमा.

"हे कोणाचे?"

"माझे. आत्याच्या खर्चाला."

खरं तर मी इथे थांबायला हवं होतं. पण कायद्यातली ही जागा मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आलेली आहे, आणि ती प्रत्यक्ष माझ्यासमोर येऊन बसली होती. कोणी तुम्हाला वर्षाला पन्नास हजारांपेक्षा जास्त पैसे असेच दिले, तर ते तुमचं उत्पन्न धरतात. नातेवाइकाने दिले तर धरत नाहीत. मात्र नातेवाईक कोण, याची कायद्याची स्वतःची यादी आहे. त्यात आईवडील आहेत, मुलं, नातवंडं, भाऊबहिणी आहेत. आत्या, मामा, मावशी, काकाही आहेत. म्हणजे आत्याने भाच्याला काहीही दिलं तर माफ. पण भाच्याने आत्याला दिलं तर? यादीत भाचा नाही. ती करणाऱ्याला वाटलं असावं की आत्या देतच राहणार आणि भाचा घेतच राहणार.

मी हे सगळं सांगितलं. समाधान पुढे सरकून बसला.

"मला दोन वर्षांचा असल्यापासून हिने वाढवलं. माझं शिक्षण, हॉस्टेल, सगळं हिने केलं. त्यावर कर नाही?"

"नाही."

"आणि मी हिचं केलं तर आहे?"

"आहे. तुम्ही दिलेल्यावर तुम्हाला सवलत नाही, आणि वर त्यांचं ते उत्पन्न. यंदापासून सूट वाढली आहे, पण हा हिशोब गेल्या वर्षाचा. साडेसहा हजार वळते करूनही तेवीस हजारांच्या वर भरावे लागतील."

भागुबाई मजेत ऐकत होत्या. "म्हंजी ह्यो मला भाजी आणून देतो, त्याचं बी?" त्यांनी विचारलं.

त्याचं नाही. हीसुद्धा एक गंमतच. पैसे, जमीन, दागिने, शेअर, चित्रं, मूर्ती एवढ्यावरच हा कर आहे. तांदूळ, भाजी, औषधांवर नाही. पुढच्या वर्षापासून बायांचे पगार समाधानने परस्पर द्यावेत, किराणा स्वतः आणावा, असं मी सुचवलं. पण गेलेल्या वर्षाचं काय, हा प्रश्न राहिलाच.

समाधानने उतारा माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "मुलगा असतो तर माफ असतं ना? मग मुलगा लिहा."

"दत्तक घेतल्याचा कागद आहे?"

"कागद नाही. पण सावळीराम मामा गेले तेव्हा पिंड मी दिला. नऊ वर्षांचा होतो. रामकुंडावर गुरुजींनी वहीत लिहिलेलं मला आठवतं. तिथे मुलगाच असणार. नाहीतर मला कशाला बसवतील?"

त्याचा आवाज तेवीस हजारांसाठी लागतो तसा नव्हता. तेवढे त्याला सहज झेपले असते. मी भागुबाईंकडे पाहिलं. त्या आता टेबलावरच्या पेनांचा डबा बघत होत्या.

"शाळेत असताना एकदा हिला आई म्हणालो होतो," तो माझ्याकडे बघून म्हणाला, जणू आत्या तिथे नाहीच. "दिवसभर ओ दिली नाही हिने. पुन्हा म्हणालो नाही."

त्या वहीने दत्तकविधान सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण खोटं कशाला बोलू, मला ती वही बघायचीच होती. सावळीरामचं घराणं मूळचं नांदगावकडचं. तिकडचे यजमान आमच्याच वह्यांत. घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत आहे. दोघांना चहा सांगून मी तिकडे गेले.

अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. चालणं कमी झालंय, पण नांदगाव म्हटल्याबरोबर कोणत्या गाठोड्यात हात घालायचा ते त्यांना डोळे मिटून कळतं. "साल?" त्यांनी विचारलं. मी अंदाजाने सांगितलं. चौथ्या की पाचव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि वही काखेत मारून निघाले. अण्णा म्हणाले, वही एकटी बाहेर जात नाही. मग त्यांनाही हाताला धरून आणलं.

त्या दिवशी माझ्या ऑफिसात वॉकरवाल्या भागुबाई, काठीवाले अण्णा आणि मधोमध ती वही, असा सगळा थाट होता. मी समाधानला ओळ दाखवली. अण्णांचं अक्षर वळणदार आहे, त्याला सहज वाचता आलं.

"कर्ता समाधान, वय नऊ. मयताचा मेव्हणा कैलासवासी पुंजाराम याचा मुलगा. आई कैलासवासी साधना. सांभाळ आत्या भागुबाई हिच्याकडे."

तो 'साधना'पाशी अडकला. बोट त्या अक्षरांवरच ठेवून बसला.

अण्णा म्हणाले, "आम्ही बायकांची नावं अशी सहसा लिहीत नसू. या बाईंनी मला लिहायला लावलं. मी नको म्हणालो तर उठून जायला निघाल्या, पिंड तसाच ठेवून. असा यजमान मला दुसरा भेटला नाही."

"मुलगा नाही लिहिलं," समाधान हळूच म्हणाला.

भागुबाईंनी पेनांचा डबा बाजूला सारला.

"लिवलं आसतं. गुरुजी म्हनलेच होते, पोटचंच समजा, मुलगा लिवतो. मला बी लय वाटलं. रोज वाटायचं." त्यांनी वहीकडे मान वळवली. "तुझी आई माझी भावजय. फुलाच्या टेम्पोत माझ्याच जागी बसून गेली ती, त्या दिशी मला ताप व्हता म्हनून. टेम्पो वळनावर उलाटला. तिचा येक फोटो नाय कुठं. माहेरचं कोनी उरलं नाय. तिचं नाव घ्याया जगात तू न् मी. तू मला आई म्हनला, तर तिला काय म्हननार व्हतास?"

समाधानने वही मिटली नाही. डोळे पुसायचा प्रयत्नही केला नाही. मला मात्र पदर लागला, आणि लाज वाटली ती याची की तेवढ्यातही माझ्या मनात प्रश्न येत होते: कोणत्या वळणावर, कोणता महिना, ताप कशाचा. ते मी विचारले नाहीत. आयुष्यात मी गिळलेल्या थोड्या चौकशांपैकी त्या आहेत.

"कर मी भरीन," भागुबाई म्हणाल्या. "माझ्या ठेवीतनं. ह्याच्या पैशातनं भरला, तर त्याच्यावर बी लावतील."

हे त्यांनी माझ्या इतक्या व्याख्यानातून बरोबर टिपलं होतं. मी फॉर्म भरला. समाधानने दिलेले सात लाख वीस हजार उत्पन्नात धरले, आणि माझ्या फाइलवर नात्यापुढे लिहिलं: भाचा. चलन निघालं. त्यांनी ते घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

उठता उठता त्यांना काहीतरी सुचलं. "गुरुजी, त्या वळीखाली जागा हाय का?"

अण्णांनी पाहिलं. दोन बोटं जागा होती.

"मंग लिवा. त्या टायमाला ह्याचा सांभाळ माझ्याकडं व्हता. आता माझा सांभाळ ह्याच्याकडं हाय. त्ये बी लिवा. सरकारच्या यादीत नाय तर नाय."

कोणी गेलेलं नसताना वहीत नुसता सांभाळ लिहायची अण्णांची ही पहिलीच वेळ असावी. नको म्हणतील असं मला वाटलं. पण त्यांना मागचा अनुभव होता. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. एकेक अक्षर सावकाश उमटत गेलं. "भागुबाई, वय पंचाहत्तर. सांभाळ समाधान याच्याकडे." एवढं झाल्यावर सवयीने त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"नातं काय?"

भागुबाई बोलणार होत्या. त्यांच्या आधी समाधानच बोलला.

"साधनाचा मुलगा," तो म्हणाला. "यांचा भाचा."