खांदा

गोदामाच्या यार्डात त्याला सगळे घण म्हणत. हे नाव कामावरून पडलं नव्हतं, मुठीवरून पडलं होतं. लहानपणी बापाने त्याला पट्ट्याने फोडून काढलं. मिसरूड फुटल्यावर त्याने बापाचा हात पिरगाळून निखळवला. त्यानंतर घरात त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. बाहेर लावणारे होते. एकाचा जबडा गेला, एकाच्या बरगड्या. घण दोनदा आत जाऊन आला.

काम मात्र चोख. ट्रकवरचा गर्डर चौघे खांद्यावर घेत आणि पाचवा बाजूने रिकामा चाले. ज्याचा दम सुटेल त्याने वेळेवर 'खांदा' म्हणायचं. मग पाचवा आत शिरतो आणि दमलेला बाहेर पडतो. त्यात लाज नाही. लाज न बोलण्यात आहे, कारण न बोलणारा कोसळला तर लोखंड बाकीच्यांच्या पायांवर येतं. दुसरा नियम चालीचा: जो सर्वांत मंद, त्याची चाल ती सगळ्यांची चाल. घणाने चालीचा नियम नाइलाजाने पाळला. तो शब्द मात्र कधी तोंडातून काढला नाही.

"मला खांदा एकदाच लागेल," तो म्हणे, "आणि तेव्हा हाक मारायला मी नसेन."

त्याला प्रार्थनेच्या संगतीत आणलं ते यार्डातल्या क्रेनवाल्याने. शनिवारी दुपारी पाळी सुटली की शिंपीणबाईंच्या पुढच्या खोलीत चार-पाच जण जमत. खोली अरुंद, शिलाई मशीन भिंतीला सरकवलं तरच खुर्च्या मावत. एक गाणं, शुभवर्तमानाचा एक भाग, मग एकेकाने आठवड्यात काय जड गेलं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. शिंपीणबाईंचं डोळ्यांचं असे, सुईत दोरा ओवता येईना. निवृत्त कंडक्टरचं दम्याचं आणि सुनेचं. घण गळक्या छतावर चढे, कपाटं हलवी, कोणाच्याही मदतीला आधी धावे. पण त्याची पाळी आली की म्हणे, "माझं काही नाही. पुढे."

"तुझं कधीच काही नसतं," क्रेनवाला एकदा म्हणाला. "तू माणूस आहेस की जॅक?"

घण हसला. त्याला ती स्तुती वाटली.

एका शनिवारी गाणं चालू असताना दार ढकललं गेलं आणि घणाची धाकटी बहीण आत आली. कानाच्या वरची कातडी सोलून लोंबत होती, रक्त मानेवरून पाठीत उतरलं होतं. उजवा हात तिने डाव्याने धरून आणला होता. मनगटाच्या वर तो वाकू नये तिथे वाकला होता. तिचा नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. त्याने मोठा पाना वापरला होता.

"दादा, रागावू नकोस," ती म्हणाली.

शिंपीणबाईंनी कापडाची घडी तिच्या डोक्यावर दाबली. घण उठला. पिशवीतून त्याने मालाच्या गाठी ओढायचा हूक काढला. दांडी मुठीत आणि बोटांमधून बाहेर वीतभर वाकडं पोलाद.

"बाजूला व्हा."

क्रेनवाला जाऊन दारात उभा राहिला. "हूक ठेव."

"दात जातील तुझे."

"जाऊ देत. हूक ठेव."

घणाने डाव्या हाताने मारलं. ओली फळी मोडावी तसा आवाज झाला. क्रेनवाल्याचं डोकं चौकटीवर आपटलं, तोंडातून रक्त आणि दोन दात एकदमच बाहेर आले. दुसरा ठोसा पोटात. तिसरा पुन्हा तोंडावर. क्रेनवाल्याने उलटा हात उचलला नाही. दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली, तेवढंच. गुडघे मोडायला लागले तेव्हा भरल्या तोंडाने म्हणाला, "खांदा."

कंडक्टरने तो शब्द क्रेनवाल्याच्या गप्पांत ऐकला होता. तो खुर्चीतून उठला, खाली घसरलेल्या क्रेनवाल्याला ओलांडून दारात उभा राहिला. अंगात हाडांशिवाय काही नाही, छाती भात्यासारखी चाललेली.

"काका, मरून जाल," घण म्हणाला.

"माझं तिकीट काढलेलंच आहे."

त्याला मारायला घणाची मूठ वळेना. कॉलर धरून त्याने त्याला बाजूला फेकलं. मशीनच्या कडेवर म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं. पडल्या जागेवरून, शिट्टीसारख्या श्वासात, तोही म्हणाला, "खांदा."

शिंपीणबाई दारात आल्या.

"मला धड दिसत नाही. कुठून मारणार ते सांग, म्हणजे चष्मा काढून ठेवते."

"बाई, हटा. त्याला आज जिवंत सोडत नाही."

"आणि हिला दवाखान्यात कोण नेणार? तुझी सावली?"

घणाने हूक धरलेला हात वर नेला. मारायला की भीती घालायला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. बाईंना तो हात दिसला नाही. खुर्चीतल्या बहिणीला दिसला. तिने चांगला हात झटकन डोक्यावर घेतला, मान आत ओढली आणि डोळे मिटले. हूक तिच्यापासून चांगला लांब होता. तरी शरीराने सवयीने तेच केलं.

लहानपणी बापाचा पट्टा निघाला की ती अशीच अंग चोरून घणाच्या मागे यायची. आता ज्याच्या मागे लपावं असं कोणी नव्हतं. पट्टा धरणाऱ्याच्या जागी तोच उभा होता.

हात वर तसाच राहिला. खाली घ्यायचा म्हटलं तरी येईना, कारण खाली आणला तर कशावर पडेल याचा त्याला भरवसा नव्हता.

"खांदा," तो पुटपुटला. मग खोली हादरेल इतक्या मोठ्याने, "खांदा द्या, अरे."

क्रेनवाल्याने खालूनच त्याचे गुडघे आवळले. कंडक्टर मनगटाला लोंबकळला. शिंपीणबाईंनी चाचपडत एकेक बोट उलगडलं आणि हूक मशीनच्या खणात टाकला. घण मटकन बसला, धरणाऱ्यांसकट.

दवाखान्यात सगळी वरात गेली. डॉक्टरने विचारलं, एवढे लोक कुठे जखमी झालात? क्रेनवाला म्हणाला, "प्रार्थनेत." तिथून पोलीस चौकी. बहिणीने जबानी दिली, डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. राहायला ती शिंपीणबाईंकडे गेली. मेकॅनिकला त्याच संध्याकाळी उचललं. पण आठवडा उलटायच्या आत तो जामिनावर सुटून गॅरेजमध्ये दिसू लागला.

पुढच्या शनिवारी घण बाहेरच उभा राहिला. क्रेनवाल्याचा चेहरा अजून वांग्यासारखा होता.

"आत ये. 'स्तुती' म्हणताना आता मला शिट्टी येते. ऐकायला नको का कोणी?"

"माफ कर."

"कधीच केलंय. तोंड उघडत नव्हतं म्हणून कळवायचं राहिलं."

एकेकाचं सांगून झालं. कंडक्टर सवयीने म्हणाला, "याचं काही नाही. पुढे."

"आहे," घण म्हणाला.

खुर्च्या करकरल्या. घणाने जमिनीकडे बघत सांगितलं, "यार्डात जायला रस्ता एकच, गॅरेजवरून. तो तिथे बोल्ट पिळत बसलेला असतो. माझा हात पिशवीत जातो. हूक नाही, तरी जातो. काल मी रस्त्यावरचा दगड उचलला. परत ठेवला. सोमवारी ठेवीन की नाही, सांगता येत नाही."

धीर धर, असं कोणी म्हणालं नाही. बहिणीने प्लास्टरमधला हात मांडीवरून उचलून त्याच्या पाठीवर ठेवला. प्रार्थना झाल्यावर कंडक्टरने विचारलं, "किती वाजता निघतोस तू?"

"कशाला?"

"मला डॉक्टरने चालायला सांगितलंय."

सोमवारी सकाळी तो कपाळाला पट्टी आणि गळ्याला मफलर लावून कोपऱ्यावर उभा होता. घण आपल्या ढांगांनी निघाला. पहिल्याच वळणावर मागून छातीची शिट्टी ऐकू आली. घण थांबला, आणि मग म्हाताऱ्याच्या चालीने चालू लागला. त्या चालीने गॅरेज लवकर सरेना. मेकॅनिकने मान वर केली, पाना हातातच होता. बहिणीवरून एक घाण शब्द फेकला आणि हसला. घणाचा उजवा हात उघडला, मिटला.

"थांब जरा," कंडक्टर धापा टाकत म्हणाला. "खांदा."

त्याने सगळं वजन त्याच हातावर टाकलं. घणाने त्याला काखेत धरला, सावरला आणि पुढे नेला. यार्डाच्या फाटकापर्यंत तो हात मोकळा झाला नाही.